गळती कुणाची, हमी कुणाची?

बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवरचे रंगाचे पोपडे सुटू लागले की वरच्या मजल्यावरचे शेजारी, सोसायटीचे सेक्रेटरी आणि बिल्डर या तिघांकडे बोट जाते. तिघेही दुसऱ्याचे नाव घेतात आणि पाणी मात्र झिरपत राहते. वास्तविक, नळ, पाइप आणि गळती यांच्या खर्चाची जबाबदारी कायदा, खरेदीचा करार आणि सोसायटीचे उपविधी यांनी बऱ्यापैकी स्पष्ट वाटून दिलेली आहे. ती ठाऊक नसल्यामुळे लोक जो खर्च आपला नाही तो स्वतःच्या खिशातून करतात, आणि वर शेजाऱ्यांशी कायमचे बिघडते ते वेगळेच.

अमेरिकेतल्या मुलाबाळांकडून ‘होम वॉरंटी’ हा शब्द अलीकडे आपल्याकडेही कानावर पडतो. तिथे तो एक वार्षिक सेवा करार असतो. वर्षाची ठरावीक रक्कम भरायची, नळ फुटला किंवा गिझर बंद पडला की कंपनीला फोन करायचा, कंपनी आपला कारागीर पाठवते आणि प्रत्येक खेपेला वेगळी फी घेते. अमेरिकन होम शील्ड ही कंपनी १९७१पासून हा व्यवसाय करते. वापराने झिजलेला भाग अशा करारात बसतो. मात्र करार घेण्याआधीपासून असलेला दोष बहुधा बसत नाही, भरपाईला कमाल मर्यादा असते, आणि तुंबलेली मोरी मोकळी करून मिळाली तरी त्यासाठी फोडलेल्या फरशा पूर्ववत करून मिळतीलच असे नाही. तिकडे घर घेणाऱ्या आपल्या माणसांनी हा करार आणि घराचा विमा यांची गल्लत करू नये. विमा अचानक आलेल्या संकटासाठी असतो, होम वॉरंटी झिजेसाठी.

महाराष्ट्रातल्या फ्लॅटधारकाच्या हाती असा एकच कागद सहसा नसतो. त्याची हमी बिल्डर, वस्तू बनवणारी कंपनी, सोसायटी आणि विमा कंपनी यांच्यात विखुरलेली असते. त्यातली सर्वांत भक्कम हमी पहिली, आणि सर्वांत जास्त वाया जाते तीही हीच.

स्थावर संपदा कायदा, म्हणजे २०१६चा रेरा, याच्या कलम १४(३)मध्ये ती सापडते. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या सांगाड्यातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवा पुरवण्यातला दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर तो त्याने एक पैसाही न घेता ३० दिवसांत दुरुस्त करायचा असतो. नाही केला, तर ग्राहक नुकसानभरपाईला पात्र ठरतो. कलमात प्लंबिंग हा शब्द नाही, पण कारागिरी, दर्जा आणि सेवा या तीन शब्दांत ते येते. भिंतीत गाडलेल्या पाइपचा जोड नीट न चिकटवणे, बाथरूमच्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे उतार न देणे, संडासाच्या बुडीत स्लॅबचे वॉटरप्रूफिंग घाईत उरकणे हे सगळे कारागिरीचेच दोष आहेत.

पाच वर्षांची मुदत दोष निदर्शनास आणून देण्यासाठी आहे. त्या मुदतीत लेखी कळवले असेल आणि दुरुस्ती रेंगाळत सहाव्या वर्षात गेली, तरी तुमचा हक्क शाबूत राहतो. उलट साइटवरच्या सुपरवायझरला तोंडी सांगितले, त्याने ‘माणूस पाठवतो’ म्हटले आणि असे करता करता पाच वर्षे उलटली, तर हाती काहीच उरत नाही. म्हणून पहिल्या ओल्या डागाला ई-मेल करावा, त्याची प्रत स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. पत्रात ताब्याची तारीख, डाग कुठे आहे, केव्हा दिसला आणि केव्हा वाढतो एवढे असले तरी पुरे. त्याचे फोटो जोडावेत.

जुन्या इमारतीतला फ्लॅट विकत घेणाऱ्यांना वाटते की ही हमी पहिल्या मालकापुरती होती. तसे नाही. रेराच्या व्याख्येत ज्याला घर वाटप झाले त्याच्याकडून पुढे ते विकत घेणाराही येतो. फक्त भाडेकरू येत नाही. पाच वर्षे पहिल्या ताब्यापासूनच मोजली जातात, पण दोन वर्षांनी घर घेतले तर उरलेली तीन तुमची. त्यामुळे जुना फ्लॅट घेताना पहिल्या मालकाचे ताबापत्र मागून घेण्यात मोठाच अर्थ आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपेक्षा जास्त घरे नसलेल्या प्रकल्पांना रेराच्या नोंदणीची सक्ती नाही. तिथे १९६३चा मोफा कायदा उपयोगी पडतो. त्यात इमारतीतला किंवा वापरलेल्या सामानातला दोष कळवायची मुदत तीन वर्षांची आहे.

‘सर्व काम समाधानकारक आहे’ अशी ओळ ताबापत्रावर छापून सही घेण्याची पद्धत सर्रास दिसते. त्या एका ओळीने कायद्याने दिलेली पाच वर्षे संपत नाहीत. राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२२मध्ये विक्री कराराच्या नमुन्यातली जी कलमे बदलता येणार नाहीत असे ठरवले, त्यांत दोषदायित्वाचे कलमही आहे. तरीही करार वाचलाच पाहिजे, कारण त्या कलमाच्या शेपटाला पुष्कळ अटी बांधलेल्या असतात. नेहमीची अट अशी असते की बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूम, संडास किंवा स्वयंपाकघरातल्या पाइपांत, नळजोडण्यांत वा बांधकामात असा बदल केला की ज्याने पाणी झिरपू शकेल, तर हमी रद्द. दुसरी अट असते ती नेहमीच्या झिजेला आणि निष्काळजी वापराला वगळण्याची. काही करारांत दोष ठरवायला आधी तज्ज्ञ सर्वेक्षक नेमण्याचीही अट असते.

पहिली अट फार महागात पडते. ताबा मिळाला की लगेच इंटिरिअरचे काम सुरू होते. टाइल आवडल्या नाहीत म्हणून त्या फोडल्या जातात, वॉशिंग मशिनसाठी नवा पॉइंट काढला जातो, आरशासाठी भोक पाडताना ड्रिलचे टोक नेमके पाइपात घुसते. सहा महिन्यांनी खालच्या घराचे छत ओले होते आणि बिल्डरचा इंजिनीअर नव्या टाइलकडे बघून हात वर करतो. त्याच्याशी वाद घालायला तुमच्याकडे फारसे काही उरलेले नसते. म्हणूनच काम सुरू करण्याआधी आहे त्या बाथरूमची चाचणी घ्यावी आणि ती नोंदवून ठेवावी. शिवाय कलम १९(५) प्रमाणे ताब्यानंतर आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे मिळण्याचा हक्क ग्राहकाला आहे. भिंतीतल्या पाइपांचा नकाशा त्यातच मागावा. तो हाती असला तर ड्रिल कुठे चालवायचे नाही हे सुताराला खडूने भिंतीवर आखून देता येते.

यातला कळीचा मुद्दा आहे पाणी कुठून येते हा. हमीचे सगळे कागद त्या एका उत्तरावर उभे आहेत, आणि ते उत्तर अंदाजाने देण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. वरच्यांच्या बाथरूमखालीच डाग आहे म्हणजे वरच्यांचेच पाणी, असे म्हणून पहिल्या दिवशीच भांडण होते. पाणी स्लॅबमधून आडवे सरकते, वायरिंगच्या नळीतून वाट काढते आणि उगमापासून बरेच लांब जाऊन बाहेर पडते.

समजा, चौथ्या मजल्यावरच्या घरात छताच्या कोपऱ्यात ताटाएवढा डाग आहे. आधी ऋतू पाहावा. डाग जून ते सप्टेंबरमध्येच फुगत असेल आणि मार्चपर्यंत सुकून पांढरी खार उरत असेल, तर संशय बाहेरच्या भिंतीच्या भेगेवर किंवा गच्चीवर घ्यावा. ऐन मे महिन्यातही हाताला गार आणि ओलसर लागत असेल, तर ते घरातले पाणी. पुढे वेळ पाहावी. वरच्यांच्या अंघोळीनंतर तासा-दोन तासांत ठिबक वाढत असेल तर सांडपाण्याची वाट, म्हणजे नहाणी ट्रॅपचा जोड किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग. दिवसभर सारखे ठिबकत असेल, किंवा सोसायटीने पाणी सोडल्यावरच सुरू होत असेल, तर ती भरलेली, दाबाखालची लाइन.

मग प्लंबरने वरच्या घराच्या डाउनटेकचा, म्हणजे टाकीतून खाली येणाऱ्या लाइनचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि एक दिवस ते बाथरूम वापरायचे नाही. ठिबक थांबली, तर पाणी वरच्या घरातूनच येते असे समजायचे आणि आधी दाबाची लाइन तपासायची. खात्रीसाठी नळांची तोंडे प्लगने बंद करून लाइनला हातपंप लावतात आणि नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देतात. मीटरचा काटा जागच्या जागी राहिला तर लाइन निर्दोष, हळूहळू खाली आला तर कुठेतरी जोड सुटलेला. लाइन निर्दोष निघाली की फरशीची पाळी. नहाणी ट्रॅपच्या तोंडाला बोळा कोंबून बाथरूममध्ये बोटभर पाणी भरायचे, त्यात खाण्याचा रंग टाकायचा आणि चोवीस तास तसेच ठेवायचे. खाली रंगीत थेंब आला तर वॉटरप्रूफिंग गेलेले. नाही आला, तर बोळा काढून तेच पाणी सोडून द्यायचे. आता रंग उतरला तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप गळतो. फ्लश टाकीतही थोडा रंग टाकून पाहावा. न दाबता तो भांड्यात उतरला तर आतला रबर खराब झालाय, तो बदलला की काम भागते. यातल्या प्रत्येक पायरीचा तारीख-वेळेसह व्हिडिओ काढावा आणि त्या वेळी दोन्ही घरचे लोक आणि सोसायटीचा एखादा पदाधिकारी हजर असावा. महारेरापुढे किंवा सहकार न्यायालयापुढे असा पुरावा दहा पत्रांपेक्षा वजनदार ठरतो.

ही चाचणी वरच्यांच्या घरात करावी लागते. ते दार उघडतील की नाही, यावर अनेकांची गाडी अडते. त्यांना जे पटवून द्यायला हवे, तेच मला या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटते. इमारत पाच वर्षांच्या आतली असेल आणि वरच्यांनी तोडफोड केलेली नसेल, तर वरचे आणि खालचे हे दोघेही एकाच बाजूचे पक्षकार आहेत. वरच्यांच्या फरशीखालचे खराब वॉटरप्रूफिंग हा त्यांना विकलेल्या घरातला दोष आहे आणि त्याची दुरुस्ती बिल्डरने स्वखर्चाने करायची आहे. दोघांनी मिळून एकच पत्र लिहिले तर बिल्डरला ‘वरच्यांना सांगा’ म्हणायला जागा राहत नाही. प्रत्यक्षात मात्र ही पाच वर्षे वरच्या काका-काकूंना टोमणे मारण्यात आणि जिन्यात नजर चुकवण्यात जातात, आणि मुदत संपल्यावर खर्च खरोखरच वरच्यांवर येऊन पडतो.

बिल्डरचा माणूस आला म्हणजे काम झाले असेही समजू नये. छताला पुट्टी मारून रंग दिला की डाग दोन महिने दिसत नाही. खालून भोके पाडून रसायन भरणे हाही पुष्कळदा तात्पुरता इलाज असतो, कारण त्याने पाण्याचे तोंड बंद होत नाही. ते दुसरीकडून वाट काढते. काम कुठे केले, काय केले आणि नंतर कोणती चाचणी घेतली, हे लेखी मागावे. ३० दिवसांत काहीच हालचाल झाली नाही तर महारेराकडे तक्रार करता येते. त्याआधी महारेराच्या सलोखा मंचाकडे जाण्याचाही मार्ग आहे. तिथे विकासकांच्या आणि ग्राहक संघटनांच्या प्रतिनिधींसमोर दोन्ही बाजू बसवल्या जातात. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे, मात्र तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत पाळावी लागते.

पाच वर्षे सरली की सोसायटीचे उपविधी कामाला येतात. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरचे पाण्याचे पाइप, पंप, टाक्या, सांडपाण्याच्या सामाईक लाइन, गच्ची आणि छतांची संरचनात्मक दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते. पावसाची गळती आणि सामाईक पाइपांतून होणारी गळतीही त्यातच येते. यात न बसणारी सगळी दुरुस्ती सभासदाने आपल्या खर्चाने करायची. म्हणजे डक्टमधला उभा पाइप सोसायटीचा, आणि तिथून तुमच्या भिंतीत शिरलेला फाटा तुमचा. सोसायटीकडे पैसे नाहीत ही सबब चालू नये, कारण दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी घेण्याची तरतूद आहे. अनेक सोसायट्या सभासद कुरकुर करतात म्हणून त्याहून कमी घेतात आणि मग सामाईक पाइप फुटला की अचानक मोठी पट्टी काढतात. वरच्या सभासदाने आपल्या फरशीची दुरुस्ती करायला साफ नकार दिला आणि समितीच्या नोटिशीलाही दाद दिली नाही, तर गळतीचा वाद सहकार न्यायालयाच्या कक्षेत येतो. रजिस्ट्रारकडे अर्ज करून त्यात वर्ष घालवणारे बरेच भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगायचे.

नळ, शॉवर, फ्लश आणि गिझर यांची हमी कंपनीकडे असते आणि ती दिसते तेवढी लांब नसते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेली सात किंवा दहा वर्षे बहुधा नळाच्या धातूच्या अंगाला असतात. चकाकीला, आतल्या कार्ट्रिजला आणि वायसरला त्याहून कमी. गिझरचेही तसेच, टाकीची हमी सर्वांत लांब, एलिमेंटची कमी, बाकी भागांची एखाद-दोन वर्षे. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने जमलेले क्षार आणि अ‍ॅसिडने नळ घासल्यामुळे गेलेली चकाकी बहुतेक हमीपत्रांत वगळलेली असते. पुणे-पिंपरीच्या टँकरवर जगणाऱ्या उपनगरांत म्हणजे हमी निम्मी गेल्यासारखीच. तिथे नळाच्या तोंडची जाळी दर महिन्याला काढून लिंबू किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवणे हाच उपाय.

उंच इमारतीतल्या खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी दाबाकडेही लक्ष द्यावे. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब वाढतो. पंचवीस मजल्यांवरच्या टाकीतून थेट दुसऱ्या मजल्यावर पाणी आले तर तिथे सुमारे सात किलोचा दाब पडेल. बऱ्याच गिझरांची मर्यादा आठच्या आसपास असते, काहींची त्याहून कमी. म्हणून उंच इमारतींत मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. तो व्हॉल्व्ह बिघडला की खालच्या मजल्यांवर एकामागून एक जोडनळ्या फुटू लागतात, आणि गिझरची कंपनी ‘दाब जास्त होता’ म्हणून हमी नाकारते. तीन-चार घरांत एकाच महिन्यात नळ्या फुटल्या तर आपापले प्लंबर बोलावण्याआधी सोसायटीने दाब मोजून घ्यावा.

नव्या घरातल्या फिटिंगचे आणखी एक दुखणे म्हणजे बिल बिल्डरच्या नावावर असते आणि कंपनीची हमी बहुधा त्या खरेदीच्या तारखेपासून धावू लागलेली असते. ताबा घेताना बिलांच्या आणि हमीपत्रांच्या प्रती मागितल्या नाहीत तर पुढे कंपनी ओळख देत नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून वा ओसंडून झालेले नुकसान तिच्यात येते. महिनोन्‌महिने झिरपून खराब झालेली भिंत येत नाही.

ज्यांची बाथरूम खरोखरच जुनी झाली आणि ज्यांना ती फोडून नवी करायची आहे, त्यांनी नवी हमी तयार करतानाच ती नीट बांधून घ्यावी. वॉटरप्रूफिंगवाला दहा वर्षांची हमी लेटरहेडवर देतो, पण ती फक्त त्याच्या थराची. गळती झाली की तो प्लंबरकडे बोट दाखवतो आणि प्लंबर त्याच्याकडे. हे टाळायचे तर क्रम पाळावा: पाइप टाकून झाले की प्लास्टरआधी दाबाची चाचणी, वॉटरप्रूफिंग झाले की टाइल लावण्याआधी पाणी भरून चाचणी, आणि दोन्हींवर त्या त्या कारागिराची तारखेसह सही. शेवटचे पैसे दुसऱ्या चाचणीनंतरच द्यावेत.

ज्यांच्या इमारतीचा ताबा मिळून चार वर्षे झाली आहेत त्या सोसायट्यांनी येत्या पावसाळ्याची वाट न पाहता आत्ताच एक तक्ता करायला घ्यावा. प्रत्येक घराला एक ओळ, त्यात ताब्याची तारीख, ओल कुठे, किती दिवसांपासून, बाथरूममध्ये तोडफोड झाली आहे की नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये त्यात बाहेरच्या भिंती, गच्ची, डक्ट आणि टाक्यांचे दोष भरावेत, एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाहणी करून घ्यावी आणि समितीच्या ठरावासह संपूर्ण यादी बिल्डरला पाठवावी. प्रत्येक घराची पाच वर्षांची तारीख वेगळी असते, म्हणून ज्याचा ताबा सर्वांत आधीचा त्याची तारीख उलटण्याआधीच हे पत्र जायला हवे.